दाराबाहेरची गाडी, घरातला प्लग

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: चार्जिंग स्टेशन कुठं आहे? सरकार, कंपन्या, वर्तमानपत्रं, सगळी याच प्रश्नामागं धावतात. महामार्गावर किती अंतराला एक स्टेशन, शहरात किती, त्यातली फास्ट किती. हुबळीच्या कमरीपेठेत राहणाऱ्या माणसाला यातल्या कशाचाच फारसा उपयोग नाही. त्याची गाडी दिवसाला पंधरा-वीस, फार तर चाळीस किलोमीटर चालते आणि रात्रभर दारासमोर उभी असते. घरातली वीज त्या गाडीपर्यंत नीट, धोका न होता आणि नियमात बसवून पोचेल का, एवढंच त्याला हवं असतं. माझं म्हणणं असं, की विजेच्या गाडीचं भवितव्य हायवेवरच्या मोठ्या यंत्रापेक्षा या पंधरा अँपिअरच्या, आपण गिझरला वापरतो त्या प्लगवर जास्त अवलंबून आहे. आणि नेमकं त्याच्याकडेच धोरण आखणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलेलं नाही.

आधी हिशेब करू. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा दाब असतो. 'पॉवर'चा मोठा प्लग मानकाप्रमाणे आता १६ अँपिअरचा, पण दुकानदार, वायरमन आणि गाडीचा सेल्समन सगळे त्याला अजून पंधराचाच म्हणतात. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर त्यातून साधारण तीन किलोवॅट ओढतो. चार्ज होताना वाया जाणारी वीज धरूनही छोटी गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. हुबळीहून धारवाड वीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन चाळीस. म्हणजे सहा-सात युनिट, दोन-सव्वादोन तासांचं काम. रात्री अकराला प्लग लावला तर दीडच्या आत गाडी भरलेली असते आणि सकाळपर्यंत नुसती उभी राहते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. ती पूर्ण रिकामी करून आणली तर अशा प्लगवर रात्र पुरत नाही, हे खरं. पण रोज रात्री टाकी कोरडी करून घरी येणारा माणूस पेट्रोलच्या जमान्यातही विरळाच होता.

अमेरिकेत घरचा दाब १२० व्होल्टचा. तिथल्या साध्या प्लगमधून गाडीला मिळते जेमतेम १.४ किलोवॅट, म्हणजे आपल्या गिझरच्या पॉइंटच्या निम्म्याहूनही कमी. तरीही तिथं अनेकजण त्यावरच रोजचं भागवतात. 'घरच्या प्लगवर गाडी चार्ज करणं म्हणजे तात्पुरती सोय, खरं चार्जिंग भिंतीवरच्या डब्यातून' हा सूर आपल्याकडे त्यांच्या पुस्तकांतून आलाय. आपला प्लग त्यांच्या दुप्पट ताकदीचा आहे, हे सांगायचं राहून जातं.

आणि हे कर्नाटकानं फार पूर्वी करून दाखवलेलं आहे. चेतन मैनी यांची विजेची गाडी रेवा बेंगळुरूत तयार होऊन २००१ मध्ये रस्त्यावर आली, ती पंधरा अँपिअरच्या प्लगवरच. शिशाच्या जड बॅटऱ्या, रात्रभर चार्जिंग, एका चार्जमध्ये साधारण ऐंशी किलोमीटर. लंडनमध्ये हीच गाडी 'जी-विझ' नावानं फिरली. तेव्हा देशात एकही फास्ट चार्जर नव्हता. रेवा फारशी खपली नाही, त्याची कारणं बॅटरीत, किमतीत आणि त्या गाडीच्या खेळण्यासारख्या रूपात होती. प्लग तेव्हाही कमी पडला नव्हता. पण एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. रेवाचा गिऱ्हाईक बंगल्यात राहणारा होता. त्याला पोर्च होता, आणि पोर्चच्या भिंतीत पॉइंट काढून घेणं म्हणजे इलेक्ट्रिशियनला एक फोन. तिथपासून आजपर्यंत गाडी, धोरण, अनुदान, माहितीपत्रक सगळं त्या पोर्चवाल्याला समोर धरून लिहिलं जातंय.

कमरीपेठेत पोर्च नाही. दाजीबानपेठ, दुर्गदबैल, जवळी साळ, सगळी जुनी हुबळी अशीच. भिंतीला भिंत लागलेली घरं, उंबरा ओलांडला की रस्ता, बऱ्याच ठिकाणी खाली दुकान आणि वर संसार. सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची, मराठ्यांची, लिंगायतांची घरं एकाच गल्लीत. इथं गाडी घराची असते, पण तिची जागा रस्त्याची असते. मीटर आत, प्लग आत, गाडी बाहेर. मधलं चार-पाच फुटांचं अंतर पार कसं करायचं याचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात नाही. म्हणून मग लोक आपलं उत्तर आपण काढतात. खिडकीतून वायर सोडायची, एक्स्टेन्शन बोर्ड पायरीवर ठेवायचा, वर पाऊस लागू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची.

या उत्तराची भीती वाटावी हे रास्तच आहे. गिझर दहा-पंधरा मिनिटांत पाणी तापवून आपोआप बंद होतो, इस्त्री तर दर मिनिटाला बंद-चालू होत असते. गाडी मात्र तीन किलोवॅटचा भार तासन् तास, न थांबता ओढते. तेरा अँपिअरचा प्रवाह. प्लगची पकड जरा ढिली असली आणि त्या जोडात एक दशांश ओहमचा अडथळा आला, तर तेवढ्या जागी सतरा वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान सोल्डरिंग आयर्न साधारण अशीच असते. ती प्लॅस्टिकच्या बोर्डात रात्रभर खुपसून ठेवल्यावर जे होईल तेच इथं होतं. वायरीचंही तसंच. दिव्या-पंख्यासाठी ओढलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून वीस मीटर लांब हा प्रवाह नेला तर ऐंशीच्या आसपास वॅट नुसती वायर खाते. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर तीस. उरलेले पन्नास वॅट गाडीत जायच्या ऐवजी भिंत तापवतात.

पण इथं निष्कर्ष काढताना गडबड होते. 'घरचा प्लग धोक्याचा' असं म्हणून आपण मोकळे होतो. प्लगमध्ये धोका नाही. धोका आहे चाळीस वर्षांपूर्वी एका दिव्यासाठी ओढलेल्या वायरीला फाटे फुटत फुटत शेवटी गिझरपर्यंत पोचलेल्या वायरिंगमध्ये. बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची लाइन, तिच्यावर स्वतःचा एमसीबी, तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी, साध्या बोर्डाऐवजी पत्र्याच्या कवचातला औद्योगिक प्लग, आणि खरीखुरी अर्थिंग. एवढं केलं की हाच 'साधा' प्लग पिढीभर चालेल. बहुतेक घरांत हा सगळा खर्च गाडीच्या एका वर्षाच्या विम्याहून कमी येतो.

अर्थिंगवर थोडं थांबायला हवं, कारण इथली खरी दुखरी नस ती आहे. गाडीबरोबर येणाऱ्या केबलवर मध्ये एक ठोकळा असतो. वीज सोडण्यापूर्वी तो अर्थ तपासतो, आणि अर्थ मिळाली नाही तर लाल दिवा लावून सरळ नकार देतो. घरात फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन वर्षानुवर्षं तक्रार न करता चालतात, म्हणून आपल्याला वाटतं अर्थिंग आहे. नवी गाडी घरी येते आणि पहिल्या रात्री कळतं की थ्री-पिनच्या मोठ्या पिनेला मागं काहीच जोडलेलं नव्हतं, किंवा जोडलेली वायर वरच्या मजल्यावर कुठंतरी तुटली होती. जुन्या घरांत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळायची पद्धत होती. लोखंडी पाइप जमिनीत गेलेला असायचा, काम भागायचं. पुढं नळ प्लॅस्टिकचे झाले. पाणी नीट यायला लागलं, अर्थ गेली, आणि कुणाला पत्ताही लागला नाही. त्यात हुबळीच्या पूर्वेकडं पसरलेली काळी माती. पावसाळ्यात ती उत्तम अर्थ देते, उन्हाळ्यात भेगाळली की तिचा आणि अर्थसाठी पुरलेल्या सळईचा संबंध सुटत जातो. म्हणून जुने वायरमन कोळसा आणि मीठ घालून खड्डा भरत आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगत. ही कटकट आता कोण करतो?

मग एखादा हुशार माणूस भेटतो आणि सांगतो, अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाक, लाल दिवा जातो. दिवा जातो हे खरं. पण त्यानंतर बाहेरच्या खांबावर न्यूट्रल तुटली, आणि वादळवाऱ्यात ती तुटतेच, तर गाडीचं सगळं लोखंड थेट जिवंत होतं. रस्त्यावर उभी गाडी, तिला टेकून उभं राहिलेलं पोर. ज्या ठोकळ्यानं जीव वाचवायचा त्यालाच फसवलेलं. माझ्या मते इलेक्ट्रिक गाडीविषयीच्या प्रत्येक जाहिरातीत मायलेजच्या आकड्याआधी ही एक सूचना कन्नडमध्ये आणि मराठीत छापली पाहिजे.

हे बघायची जबाबदारी कुणाची? वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. हुबळीत मुख्यालय असलेली हेस्कॉम २००२ पासून हा कारभार पाहते (लोक अजून तिला जुन्या वीज मंडळाच्या नावानं केईबीच म्हणतात, बिल भरताना सुद्धा), आणि मीटरच्या आतल्या वायरिंगची तपासणी नवं कनेक्शन घेताना एकदा कागदावर होते, पुन्हा कधीही नाही. गाडीचा विक्रेता पार्किंग असलेल्याच्या घरी माणूस पाठवतो. पार्किंग नसलेल्याला 'चार्जिंग स्टेशन वापरा' म्हणतो. म्हणजे ज्याचं वायरिंग सर्वांत जुनं आणि ज्याला जागा सर्वांत कमी, त्याच्याकडे कुणीच बघत नाही.

विजेच्या दराचीही एक गंमत आहे. कर्नाटकानं २०२३ च्या मध्यापासून गृहज्योती योजना चालू केली. महिन्याला दोनशे युनिटांच्या आत, स्वतःच्या आधीच्या सरासरीच्या जवळपास वापर असेल तर बिल शून्य. दोनशेच्या वर गेलात तर पूर्ण बिल. आता कमरीपेठेतलं एकशेदहा युनिटांचं घर घ्या. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालली तर दीडशे युनिट वाढतात, आकडा दोनशेसाठवर जातो आणि शून्याचं बिल एकदम पूर्ण होतं. एप्रिल २०२४ च्या ५ रुपये ९० पैशांच्या दरानं गाडीची वीज नऊशेच्या आत होते, पण घरावर पडणारा नवा बोजा स्थिर आकार सोडूनही दीड हजारांच्या पुढं. एवढं होऊनही पेट्रोलशी तुलना केली तर गाडी स्वस्तच आहे: हजार किलोमीटरला पंधराच्या मायलेजनं सदुसष्ट लिटर, शंभरीच्या दरानं सहा-सात हजार. त्यामुळे गाडीवाल्यानं फार रडू नये असं मला वाटतं. फुकट वीज स्वयंपाकघरासाठी आणि पोरांच्या अभ्यासाच्या दिव्यासाठी आहे, तिनं कार चालवू नये. पण या उंबरठ्याचा दुसरा परिणाम वाईट आहे. लोक गाडी आपल्या मीटरवर लावतच नाहीत. खालच्या दुकानाच्या, म्हाताऱ्या काकांच्या, बंद खोलीच्या मीटरवरून वायर काढतात. वायर लांबते, जोड वाढतात, आणि वर सांगितलेला सगळा धोका दुप्पट होतो. दराची आखणी करणाऱ्याला वायरीची लांबी दिसत नाही.

यावर कायद्यात सोय झालेली आहे. घरी गाडी चार्ज करायला कुठल्याही परवान्याची गरज नाही, असलेल्या कनेक्शनवरून ती करता येते, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन गाडीच्या चार्जिंगसाठी मागितल्यास वेगळं कनेक्शन द्यावं असंही ठरलं, आणि त्याच दुरुस्तीनं महापालिकेच्या हद्दीत नव्या कनेक्शनची मुदत सात दिवसांवर आणली. वेगळा मीटर आला की घराचं शून्य बिल शाबूत राहतं आणि गाडीची वीज स्वतंत्र मोजली जाते. चांगला नियम. फक्त वेगळा मीटर कुठं लावायचा? ज्याला पार्किंग आहे त्याच्या पार्किंगमध्ये. पुन्हा पोर्चच. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत यावरून सेक्रेटरीशी भांडणं होतात, पण भांडायला निदान सोसायटीच्या मालकीची जागा तरी असते. पेठेत भांडायचं कुणाशी?

इथं कुणी म्हणेल, कमरीपेठेत इलेक्ट्रिक कार किती, ही मूठभरांची चिंता. बरोबर आहे, कार थोड्या आहेत. पण ऑटो आहेत. महिंद्राच्या ट्रिओसारखी रिक्षा साडेसात युनिटांच्या आतल्या बॅटरीवर चालते, याच पंधरा अँपिअरच्या प्लगवर चार तासांच्या आत भरते, आणि तिचा मालक बहुधा भाड्याच्या घरात राहतो. त्याच्यासाठी हा पर्यावरणाचा मुद्दा नाही, रोजच्या कमाईतून पेट्रोल किंवा गॅसला किती जातं याचा आहे. सार्वजनिक स्टेशनवर त्याला घरच्या विजेपेक्षा जास्त दर द्यावा लागतो आणि रांगेत धंद्याचा वेळ जातो. घरमालक म्हणतो, माझ्या मीटरवर गाडी लावायची नाही. मालकाचंही चुकत नाही, आग लागली तर घर त्याचं. थोडक्यात, पैसे वाचवायची सर्वांत जास्त गरज ज्याला, स्वस्तातली वीज त्याच्यापासून सर्वांत लांब. श्रीमंत माणूस पोर्चमध्ये घरच्या दरानं चार्ज करतो, गरीब माणूस स्टेशनवर व्यापारी दरानं. अनुदान गाडीवर दिलं काय नि नाही दिलं काय, ही उतरंड तशीच राहते.

घरात बसून धंद्याची वीज वापरणं आपल्या भागाला नवं नाही. रबकवी-बनहट्टीला जा. माणसं जिथं जेवतात, झोपतात, त्याच घरांत यंत्रमाग दिवसभर चालतात. ही गावंही हेस्कॉमच्याच हद्दीत. मागाला वेगळं कनेक्शन, वेगळा दर, मोटारीच्या अश्वशक्तीचा हिशेब, वर सरकारी सवलत, ही सगळी व्यवस्था कधीच बसली. कारण राज्यानं मान्य केलं होतं की विणकराचं घर हाच त्याचा कारखाना, आणि वीज त्याच्यापर्यंत गेली पाहिजे. रिक्षावाल्याचा कारखाना रस्त्यावर उभा असतो. मग वीज तिथवर जायला काय हरकत आहे?

लंडनमध्ये जुन्या वस्त्यांत हाच पेच होता: ओळीनं घरं, पोर्च नाही, गाडी रस्त्यावर. तिथं रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांतून हळू चार्जिंगची सोय झाली. ऑक्सफर्डनं फुटपाथमध्ये अरुंद खाच करून घरातली केबल त्यातून गाडीपर्यंत न्यायचा प्रयोग केला, म्हणजे अडखळायला नको. दोन्ही उपायांत फास्ट काही नाही. आपल्याकडं जसंच्या तसं उचलता येणार नाही. सोडियमचा दिवा काढून एलईडी लावल्यावर खांबावर शे-दीडशे वॅटांची जागा रिकामी होते, तीन किलोवॅटांची नाही. पण आपल्या गल्लीतल्या खांबांवरून घरांना जाणारी लाइनच जाते, त्या अर्थी वीज खांबापर्यंत आलेलीच आहे. एका खांबावर बंद पेटी, तिच्यात मीटर, आरसीसीबी, खाली स्वतःची अर्थ, आणि गल्लीतल्या नोंदवलेल्या गाड्यांना घरगुती दर. रात्री अकराच्या पुढंच चालू होईल असं घड्याळ. शंभर केव्हीएच्या रोहित्रावर पंचवीस गाड्या एकदम लागल्या तर पंचाहत्तर किलोवॅट होतात, संध्याकाळी सातला ते रोहित्र हातच टेकेल. मध्यरात्री मात्र त्याच्यावर बराच भार मोकळा असतो.

दिवसाचंही बोलायला हवं. कर्नाटकात सूर्याची वीज भरपूर तयार होते, एकट्या पावगडच्या उद्यानाची क्षमता २,०५० मेगावॅट. स्वस्त वीज हळूहळू दुपारकडे सरकते आहे. त्यामुळे रेल्वे वर्कशॉप, महाविद्यालयं, धारवाडचं उच्च न्यायालयाचं खंडपीठ अशा जागांच्या पार्किंगमधल्या साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगांना पुढं मोल येईल. तिथं गाड्या आठ-आठ तास उभ्या असतात. तिथंही कुणी तीस लाखांचं यंत्र बसवून फीत कापण्यापेक्षा छपराखाली पन्नास प्लग काढले तर जास्त गाड्या भरतील. अर्थात पन्नास प्लगांची फीत कापता येत नाही, ही अडचण आहे.

राहता राहिला प्रश्न खांबावरच्या पेटीचा मालक कोण याचा. खांब हेस्कॉमचा, रस्ता महापालिकेचा, गाडी भाडेकरूची, वीज मागणारा कुणीतरी चौथाच. हुबळीला असल्या वादाची सवय आहे. इंग्रजी अमदानीत इथं खासगी हुबळी इलेक्ट्रिसिटी कंपनी वीज द्यायची. कायद्यानं सोपवलेली कामं तिनं हेतुपुरस्सर आणि अवाजवी काळ टाळली, या कारणावरून मुंबई सरकारनं १९१० च्या वीज कायद्याखाली तिचा परवाना रद्द केला. कंपनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली आणि हरली. कामं टाळली की नाही, याबाबत मत बनवायचा अधिकार सरकारचा, कोर्टाचा नाही, असा तो निकाल १९४९ च्या संग्रहात छापला गेला आणि वकील तो अजून वाचतात. आता कंपनीही सरकारी आणि सरकारही सरकारी, तेव्हा परवाना कुणी कुणाचा रद्द करायचा? नियामक आयोग मात्र आहे, दरवर्षी दर ठरवण्यापूर्वी तो हुबळीसारख्या ठिकाणी जनसुनावणी घेतो आणि तिथं कुणीही उभं राहून बोलू शकतो. कमरीपेठेतल्या रिक्षावाल्यांनी एकदा तिथं जावं, गाडीच्या केबलवरचा तो लाल दिव्याचा ठोकळा बरोबर घेऊन.